बांधावरचं आमंत्रण

पुण्याहून दुपारच्या पॅसेंजरने निघाले, तेव्हा पिशवीत रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेय. दिसलं पान की दाबून वाळवल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. पणदऱ्याच्या आत्याने बोलावलं होतं. ती नागिणीवर (अंगावर उठणारे आगीसारखे फोड) पाल्याचा लेप देते. आता तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही आणि सुना बारामतीत नोकरीला. म्हणून ते झाड ती मला दाखवणार होती. खरं तर मागचे दोन रविवार तिने बोलावलं होतं. मी पेपर तपासत बसले. माझीच अक्कल!

भिगवणला उतरले आणि जिभेने दगा दिला. तव्यावर उजनी धरणातली चिलापी मासळी तडतडत होती. खाऊन होईतो बारामतीची एसटी निघून गेली. दुसरी मिळून बारामतीत पोचले, तर स्टँडजवळच्या दुकानात नागिणीच्या औषधाच्या छापील पुड्या टांगलेल्या.

"यात कुठला पाला आहे हो?"

"काय ठावं, ताई. तयार पुडी येती, आमी इकतो. हितं पाला कोण वळखतंय आता?"

पणदऱ्यात पोचले तेव्हा दिवस मावळला होता. आत्या झाडाला आमंत्रण देऊन नुकतीच परतली होती. पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी एकटीने जायचं, झाडाच्या मुळाशी हळदीच्या अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, 'उद्या येते, गुण दे.' सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. झाडाचं नाव तर कधीच, कुणालाच सांगायचं नाही, नाहीतर गुण जातो.

"वढ्याकाठी हुतं, तितं पाइपलाइन झाली," भाकरी वाढताना आत्या म्हणाली. "कॅनॉलकडंला तणाचं औषध मारून जाळलं. बांधावरचा ह्यो एकच ठोंब ऱ्हायलाय, पोरी. उद्या नीट बघून घे."

उजाडायच्या आत निघालो. आत्या अनवाणी, माझं कोपर धरून, तोंडाने गप्प. उसाच्या कडेने तिची पावलं सराईत पडत होती. एका जागी ती थबकली. पाय चाचपडू लागला. मला दिसत होतं, तिथे बांधच नव्हता. नुसती भुसभुशीत माती, तिच्यावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे. पण बोलायचं नव्हतं ना! आत्या खाली बसली आणि दोन्ही हातांनी ढेकळं चाळू लागली. तिच्या बोटांना तांदळाचा एक पिवळा दाणा लागला.

"जिजी, जपून!" शेजारच्या रानाचे मालक बापूराव आत्याला हाक मारत धावत आले. "राती जेसीबी मोकळा हुता, बांध काढून घेतला. उसाची एक सरी वाढंल."

आत्याने मौन मोडलं. "बापू, हितलं झाड कुठं टाकलंस?"

"कसलं झाड? समदं गवातच हुतं की. मातीसंगं ट्रॉलीत गेलं, रस्त्याच्या भरावात गाडलं." मग त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा उतरला. "त्ये औषधाचं हुतं व्हय? जिजी, माज्या आईची नागीण तुमीच बरी केली. एका शब्दानं सांगायचं हुतं, म्या कुंपण घातलं असतं."

"सांगायचं नसतं रं, बापू."

घरी येताच मी तिच्यापुढे बसले. "आत्या, आता कसला गुण आणि कसलं काय! नाव सांग. रानं पालथी घालीन, पण शोधून आणीन."

आत्या हाताची माती पदराला पुसत राहिली. "नाव मला तरी कुठं ठावं हाय? सासूनं हात धरून दावलं, बोलली न्हाय. तिला तिच्या सासूनं तसंच दावलं."

"बरं, पान कसं होतं?"

"खरबरीत. चुरगाळलं की उग्र वास. म्या तर जागंवरनंच वळखायची, पानावरनं न्हाय."

असल्या तणाने निम्मा तालुका भरलाय. मला रडू फुटलं, रागही आला. बापूरावांचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या गप्प बसण्याचा. आणि त्या दोन रविवारांचा.

दुपारी परत भिगवण. मासळी खावीशी वाटली नाही. गाडीला वेळ होता म्हणून रुळांच्या कडेला माजलेल्या झुडपांपाशी गेले. पाच-सहा जातींची पानं खरबरीत निघाली. चुरगाळली, तर सगळ्यांनाच उग्र वास. त्यातलं एखादं तेच असेल, किंवा एकही नसेल. प्रत्येकाचं शास्त्रीय नाव मला येत होतं. एकही पान न दाबता रद्दीचा गठ्ठा तसाच घेऊन मी गाडीत चढले.