पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

शालिग्राम बोरकुटेंची शेजारच्या पनागर गावी एक बाई आहे म्हणे. जबलपूरच्या मराठी मंडळातल्या बायका हे सांगताना पदर तोंडाशी न्यायच्या, आवाज मात्र मुळीच खाली आणायच्या नाहीत. पुरावाही होता. मंडळाच्या नाटकाआधी शालिग्रामकाका पनागरला पत्रिका धाडत, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल अंथरत, आणि खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राही. इंदूताईंना तर त्या बाईच्या साडीचा रंगही ठाऊक होता.

नाटक सात वर्षं तेच, कारण नवं मराठी पाठ करणारी पोरं मंडळात उरली नव्हती. काका त्यात तपास अधिकारी. जिन्याचा हलता कठडा तुटून मोलकरीण मरते, आणि काका दारोदार जाऊन एकच विचारतात, "कठडा हलत होता. तुम्ही पाहिलं होतं की नाही?" प्रेक्षकांत बसलेले मंडळाचे अध्यक्ष रामरावसुद्धा तेव्हा स्वतःच्या बुटांकडे बघत. निवृत्तीआधी काका रिछाईतल्या एका कारखान्यात मशीनचे तपासनीस होते. म्हणूनच भूमिका शोभते, असं लोक म्हणत.

यंदा रामरावांना ती खुर्ची प्रमुख पाहुण्यांसाठी हवी होती. निरोप घेऊन दिग्दर्शिका सुखदा मेकअपच्या खोलीत शिरली.

"काका, रुमाल उचलू? रामरावजी चिडून राहिले."

"मग त्यांनाच टोपी घाल अन् कर उभं स्टेजवर."

"अच्छा, नाव तरी सांगा. कौन हैं वो? मी नाही सांगणार कोणाला."

काका मिशी चिकटवत होते. "नथ्थू."

सुखदाचा चेहराच पडला. सात वर्षांची खमंग गोष्ट, अन् तिच्यात बाईच नाही!

"काहून, बाईच पाहिजे होती काय तुले?" काका हसले, पण मिशी हातातच राहिली. "त्याच्याशी बोलायचं आहे. त्याच्या घरी जायला पाय उचलत नाही. इथं आला, तर बोलीन."

"काय बोलायचं आहे?"

"ते त्यालेच सांगीन."

सुखदाने खांदे उडवले. "तो कशाला येईल? नाटकात तर तुम्ही जाता ना, लोकांच्या घरी."

काका आरशात बघत राहिले. टोपी, पट्टा, अर्धी मिशी. मग म्हणाले, "उचल रुमाल."

त्या संध्याकाळी खुर्चीत पाहुणे बसले, आणि घोरलेही. काकांनी आपला प्रश्न विचारला, पण नेहमीची गर्जना नव्हती. कोणी चुकून स्वतःलाच विचारावं, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूताईंनी त्यांना इस्त्रीच्या शर्टात पनागरच्या बसमध्ये चढताना पाहिलं. हातात खोव्याच्या जिलेबीचा डबा! दुपारपर्यंत मंडळात लग्नाची तारीखही ठरली.

नथ्थू रिछाईच्या त्याच कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करायचा. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावलेली जाळी तुटलेली होती. शालिग्रामने ती न बघताच कागदावर 'ठीक' लिहून सही केली होती. चौथ्या दिवशी नथ्थूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.