रीमेकमधून काढलेला माणूस

मध्यंतरी इथे फोरमवर जुन्या सिनेमांच्या रीमेकवरून धागा चांगलाच पेटला होता. मूळ गोष्टीतल्या पात्राचा वंश नव्या सिनेमात बदलावा की नाही... गोऱ्याचा काळा का केला, काळ्याचा गोरा का केला. मी सगळं वाचलं आणि नेहमीप्रमाणे गप्प बसलो. माझी मुलगी इरा शेजारून डोकावत होती. म्हणाली, "बाबा, यू शुड राइट. यू डिड एग्झॅक्टली दॅट."

म्हणून लिहितोय. इतकी वर्षं घरातही नीट बोललो नव्हतो.

मी धंद्याने एडिटर. पडद्यावर माणूस रडताना दिसतो तेव्हा मला तो कुठल्या टेकमधून उचललाय ते दिसतं. देव-भूत-चमत्कार यांची मी आयुष्यभर थट्टाच केली. दुबईतल्या एका अॅड फिल्म स्टुडिओत नोकरी होती, बायको वैशाली आणि इरा सोबत. २००८ च्या शेवटी मंदी आली आणि कामं आटली. ऑफिसात दर आठवड्याला कुणाचा तरी डेस्क रिकामा दिसायचा. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, इराची शाळा बंद, सामान आवरा आणि निघा. चहा पितानाही कुणी मोकळं बोलायचं नाही.

त्या दिवसांत आमच्या मराठी मंडळींनी टूम काढली — एका जुन्या कृष्णधवल सिनेमाचा रीमेक करायचा. नाव सांगत नाही. गोष्ट साधी: कोकणातल्या खाडीत होडी चालवणारा एक सिद्दी तांडेल बुडालेल्या प्रवाशाची मुलगी वाढवतो आणि शेवटी तिला खांद्यावर घेऊन भरतीच्या पाण्यातून पलीकडे तिच्या आजोळी पोचवतो. सिद्दी म्हणजे मुरुड-जंजिऱ्याकडचे. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आता बोलण्याचालण्यात पक्के कोकणी. मूळ सिनेमात मात्र तो तांडेल एका गोऱ्यापान नटाने तोंडाला काळं फासून केला होता. कडेला, कानामागे, खरा रंग दिसायचा.

दिग्दर्शन आणि एडिटिंग माझ्याकडे. मुलीच्या भूमिकेत इरा, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची. आणि तांडेल म्हणून सापडला याकूब. दुबईहून तासाभरावरच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. स्वतः सिद्दी, मुरुडचाच. उंच, एक भुवई मधोमध तुटलेली.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "सतीशभाऊ, हा पिक्चर लहानपणी आमच्या मोहल्ल्यात पडदा लावून दाखवला होता. तांडेल आला की आम्ही पोरं हसायचो. अम्मी मात्र हसली नाही. म्हणाली, आपला माणूस दाखवायचा होता, तर आपल्यातलाच एखादा मिळाला नाही काय यांना?"

"आता मिळाला," मी म्हणालो.

"तिला फोन केलाय मी. तेव्हापासून शेजारणींना सांगत सुटलीय. आता सीडी पाठवली नाही तर मला घरात घेणार नाही!"

तीन-चार शुक्रवार रास अल खैमाच्या खाडीवर शूटिंग झालं. याकूब कॅमेऱ्यासमोर नुसता वल्हं धरून उभा राहिला तरी बघत राहावंसं वाटायचं. इरा त्याला सोडायची नाही. फक्त शेवटचा, खांद्यावरचा सीन राहिला होता.

मग एका सकाळी आमच्या स्टुडिओच्या मालकांनी — साहेबच म्हणतो — केबिनमध्ये बोलावलं. हॉल, पोस्टर, जेवण, सगळा खर्च तेच करणार होते.

"सतीश, अरे तांडेल मीच करतो. कॉलेजात नाटकं केलीत मी, माहितीय ना?"

"साहेब, पण याकूबभाईंचं शूटिंग जवळजवळ..."

"आणि सिद्दी-बिद्दी कशाला? लोकांना आधी इतिहास शिकवत बसायचं का? कोळी कर त्याला. खलास." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्या व्हिसाच्या रिन्यूअलचा कागद आलाय माझ्याकडे. बघतो मी."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी "हो" म्हणालो.

याकूबला खरं सांगता आलं असतं. तो समजून घेणारा माणूस होता. पण खरं सांगितलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो. म्हणून त्याला म्हणालो, "याकूबभाई, टेक्निकल प्रॉब्लेम आहे. तुमचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येत नाही. डिटेल मिळत नाही हो."

चक्क खोटं! त्याचा एकेक शॉट सोन्यासारखा आला होता.

तो थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "कॅमेऱ्याचं काय ते तुम्हालाच कळणार," म्हणाला. "अम्मीला काय सांगू, तेवढं बघतो."

काही दिवसांनी त्याच्या कारखान्यातही कपात झाली आणि तो गावी गेला. आम्ही खर्च वाचवायला त्याच्याच टेप्सवर साहेबांचे सीन शूट केले. टेपवर टेप, खालचं पुसलं. शेवटच्या सीनला साहेबांच्या पाठीने असहकार पुकारला, म्हणून इराला खांद्यावर न घेता, घोट्याएवढ्या पाण्यातून हात धरून नेलं. तिने गाल फुगवून विचारलं होतं, "व्हाय कान्ट इट बी याकूब अंकल?" मी लाइटचं निमित्त करून तिकडून निघून गेलो.

शो एका शाळेच्या हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी. साहेब पहिल्या रांगेत. आम्ही मागे — मी, इरा, वैशाली आणि साताऱ्याहून त्याच आठवड्यात आलेल्या माझ्या सासूबाई. सिनेमा मी इतक्यांदा पाहिला होता की बघतच नव्हतो. लोकांचे चेहरे न्याहाळत होतो.

शेवटचा सीन लागला आणि हॉल एकदम शांत झाला. म्हणून मी मान वर केली.

पडद्यावर पाणी छातीपर्यंत होतं. त्यातून याकूब चालत येत होता. खांद्यावर इरा, तिचे हात त्याच्या केसांत. तो सरळ आमच्याकडे बघत होता. चेहऱ्यावरची रेषा न् रेषा दिसत होती, तुटलेली भुवई, पापणीवरचा थेंब. असा प्रकाश मी उभ्या आयुष्यात पकडलेला नाही... कुणी पकडलेला पाहिलाही नाही. भीती वाटली नाही. देवळात गाभाऱ्यासमोर माझी मान कधी झुकली नव्हती. त्या खुर्चीत मात्र मी नकळत हात जोडले होते.

इराने माझी बाही ओढली. "बाबा... वी नेव्हर डिड दॅट शॉट."

खरंच होतं ते. तो शॉट कधी घेतलाच नव्हता. ती त्याच्या खांद्यावर कधी बसलीच नव्हती.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. वैशाली डोळे पुसत म्हणाली, "याकूबभाईंना ठेवलंत शेवटी. बरं केलंत." सासूबाईंनी याकूबला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्याबद्दल ऐकलंही नव्हतं. त्यांनी लेकीला विचारलं, "तो भुवई तुटलेला कोण गं? आपल्या पोरीला किती जपून नेलं त्यानं!"

आणि साहेब? मला मिठी मारून कानात म्हणाले, "सतीश, मी तिला खांद्यावर घेतलेलं कसं दाखवलंस रे? माझी पाठ तर... ग्राफिक्स ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

घरी जाऊन शोमध्ये चालवलेली तीच डिस्क लावली. साहेब. घोट्याएवढं पाणी. हात धरलेली इरा. मी फ्रेम-फ्रेम पुढे नेत पाहिलं. याकूब कुठेच नव्हता. कॉपी बदलली असेल, टेपवर जुनं राहिलं असेल, सगळं तपासलं. पण जे शूटच झालं नाही ते राहील कसं? वैशालीला तेव्हा खरं सांगितलं नाही. तिने आपणहून एक डिस्क मुरुडला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून दिली. त्यानंतर मी याकूबला कधी फोन केला नाही. काय तोंडाने करणार? माझं रिन्यूअल झालं होतं.

या धाग्यानंतर इराने — ती आता दुबई मरीनात एका प्रॉडक्शन हाउसमध्ये आहे — कुठून तरी त्याचा नंबर काढला आणि व्हिडिओ कॉल लावूनच फोन माझ्या हातात दिला. केस पांढरे झालेत त्याचे.

"सतीशभाऊ! अहो, किती वर्षं शोधतोय तुम्हाला. तुम्ही मला पिक्चरमध्ये ठेवलंत आणि सांगितलंही नाहीत? अम्मी दर जुम्म्याला लावते. मी दर जुम्म्याला तुमच्यासाठी दुआ मागतो."

तेव्हा सांगितलं. सगळं. कॅमेऱ्याचं खोटं, व्हिसा, पुसलेल्या टेप्स. "मी तुम्हाला ठेवलं नाही, याकूबभाई. मी तुम्हाला काढलं होतं."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे वाईट केलंत. लई वाईट. एवढ्या दुआ मागितल्या, त्यांचं आता काय करू मी?" त्याने मागे वळून पाहिलं. "अम्मी आत बसलीय. तिला यातलं काही बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"मग बघा."

त्याने फोन फिरवला. छोटी खोली, भिंतीला टीव्ही, समोर पाटावर बसलेली, वाळून गेलेली म्हातारी, तिला बिलगलेली याकूबची नातवंडं. शेवटचा सीन चालू होता. पोरं ओरडली, "दादा आला! दादा आला!" म्हातारीने उठून पडद्यावरून हात फिरवला, एखाद्याच्या चेहऱ्यावरून फिरवावा तसा.

माझ्या खांद्यावरून बघणाऱ्या इराने तोंडावर हात ठेवला. "बाबा, आय अॅम ऑन हिज शोल्डर्स."

"दिसतंय ना, सतीशभाऊ?" याकूबने विचारलं.

मी डोळे फाडून बघत होतो. साहेब होते. घोट्याएवढं पाणी होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही दिसत."

हे का, कसं, मला सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर लिहा. मी दर शुक्रवारी ती डिस्क लावून बसतो.