गार्डकाकांची पांढरी पँट

गार्डकाका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं हिरवी झेंडी आली असणार, तोंडात शिट्टी आणि मागं मागं पळणारं स्टेशन. दौंडचा माणूस आठवणी सांगायला बसला म्हणजे आता रेल्वे येणार, असं तुम्ही धरूनच चाललाय. तर ती गाडी आत्ताच यार्डात लावा. मी सांगणार आहे ते मांजराच्या पिसवांबद्दल. नाक मुरडू नका. तुमच्या घरी मांजर असेल तर पिसवाही येऊन गेल्या असतील. तुम्ही त्या शेजाऱ्यांच्या नावावर टाकल्या असतील, एवढंच.

रेल्वेनं गार्डला पांढरा ड्रेस का दिला हे मला माहीत नाही. काकांच्या मते पिसू दिसावी म्हणून. गुडघ्यावर रफू केलेली एक जुनी पँट त्यांनी खास या कामाला ठेवली होती. मालगाडी घेऊन आले, आंघोळ झाली, चहा झाला की ती पँट चढवून क्वार्टरच्या पायरीवर बसायचे आणि मांडीवर घ्यायचे पॅसेंजरला. पॅसेंजर म्हणजे त्यांची मांजरी. आमच्या लायनीतल्या एकूण एक दारात थांबा घ्यायची, म्हणून हे नाव. काका तिच्या मानेवरचे, शेपटीच्या बुडाजवळचे केस उलटे फिरवायचे आणि पँटीवर काय पडतंय ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. आतनं काकू ओरडायच्या, "ती पँट माझ्या लुगड्यांत भिजवलीत ना, तर तुम्हाला पण बाहेरच वाळत घालीन!"

पँटीवर काळे बारीक कण पडायचे, मिरपुडीसारखे. पण दौंडात काळं काय पडत नाही? यार्डातला धूर आमच्या वरणावरसुद्धा बसायचा. म्हणून काका ओल्या कापसाचा बोळा त्या कणांवर दाबायचे. "लाल उतरलं तर पिसू. रक्त पिऊन हगलीय. काळंच राहिलं तर रेल्वे." लायनीतल्या बायकाही आपापली मांजरं तपासायला आणायच्या, आणि हा निकाल ते इतक्या गंभीरपणे द्यायचे की लाल निघालेल्या मांजराच्या मालकिणीला आपलंच मेडिकल फेल झाल्यासारखं वाटायचं.

त्यामुळं मांजर आणणारी प्रत्येक बाई ते शेजारणीचं आहे असं सांगायची. एकदा सोमवारी एक जण पिवळा बोका पदराखाली झाकून घेऊन आली. "माझा न्हाई हां भाऊजी, पलीकडच्या वहिनींचा हाय." मंगळवारी पलीकडच्या वहिनी तोच बोका घेऊन आल्या. "आमचा न्हाई हां, अलीकडच्यांचा हाय." काकांनी बोक्याकडं बघितलं. "बुधवारी हा एकटा येईल," ते म्हणाले. "दोघी आपापल्या गोधड्या उकळा."

गोधडीवर त्यांचा फार कटाक्ष. "पिसू मांजरावर राहत नाही. तिथं ती जेवायला येते. राहते तुमच्या घरात," हे वाक्य त्यांनी किती घरांचा अपमान करून सांगितलं असेल देव जाणे. उपचार साधा होता. उवा-लिखांची बारीक फणी मांजराच्या अंगावरनं फिरवायची, फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. अंथरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची, कानाकोपरे झाडायचे, आणि आठ दिवसांनी सगळं परत. "अंडी फुटायची असतात अजून. मागनं दुसरी गाडी हाय," असं म्हणायचे. लोकांना हे पटायचं नाही. लोकांना औषध पाहिजे असायचं. लायनीतला एक जण कुरकुंभला केमिकल कंपनीत होता. तो एकदा कंपनीतनं कसलीतरी पावडर पुडीत बांधून घेऊन आला. "एकदम कडक हाय काका. लावू का?"

काका म्हणाले, "मला माहीत नाही. जनावरांच्या डॉक्टरला विचार."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि नकला हाच माझा मुख्य विषय होता. हेडमास्तर, चक्कीवाला, स्टेशनवरची अनाउन्समेंट, सगळी माझ्या गळ्यात राहायला होती. पण हाउसफुल्ल जायचे ते गार्डकाका. दोनदा खाकरायचं, नाकातनं "हां, बोला" म्हणायचं, समोरच्यानं काही सांगितलं की ते त्यालाच परत म्हणून दाखवायचं. रेल्वेत म्हणे निरोप मिळाला की परत म्हणून दाखवतात, चूक राहू नये म्हणून. काकांनी तो नियम घरात आणला होता. काकू म्हणाल्या, "येताना कोथिंबीर आणा," की काका, "येताना कोथिंबीर. ऑल राइट." फक्त हे ऑल राइट ते लगेच देत नसत. आधी पिशवी हातात घ्यायचे. मांजराचंही तसंच. "गाडी दोन्ही अंगांनी बघितल्याशिवाय ऑल राइट नाही." मी हे सगळं करून दाखवायचो आणि पोरं लोळायची.

आमच्या घरी फोन नव्हता. काकांच्या फोनचा नंबर आम्ही सगळ्या पाहुण्यांना पी.पी. म्हणून, म्हणजे शेजारच्यांचा फोन म्हणून, दिलेला. एकदा दुपारी काका गाडी घेऊन गेलेले, काकू मंडईत, आणि मी पी.पी.च्या हक्कानं त्यांच्या कॉटवर लोळत होतो. फोन वाजला. शिरूरहून आत्या, बूथवरनं बोलत होती.

आत्या शिरूरच्या कडेला एकटी राहायची. आतोबा गेलेले, मुलगा पुण्यात कामाला. घरात एक म्हैस आणि एक मनी. म्हशीशी ती कामापुरतं बोलायची. बाकीचं सगळं, अगदी भाजीत मीठ जास्त झालं का हेसुद्धा, ती मनीला विचारायची. दिवाळीला आमच्याकडं आली तेव्हा पायरीवरचा दवाखाना तिनं तासभर बघितला होता.

"गार्डसाहेब हायेत का?"

मी दोनदा खाकरलो. "हां, बोला."

"आमची मनी लई खाजवतीया वो. मानंवरचं क्यास गेलं."

आता खोटं कशाला बोलू, मी छान केलं. दिवाळीत पायरीवर बघितला होता तसा ओला कापूस लावला का, विचारलं. तिनं आधीच लावला होता. "लाल आलं." मग फणी, साबणाचं पाणी, गोधडी, आठ दिवसांनी परत, सगळं मी नाकातनं सांगितलं. तिनं ते परत म्हणूनही दाखवलं. काकांनासुद्धा ओळखू आलं नसतं. मी खूश. आणि तेवढ्यात आत्यानं विचारलं, "म्हशीला गोचिडाचं औषध आणल्यालं हाय. त्येच लावलं तर चालंल का?"

काकांकडं याला उत्तर होतं: मला माहीत नाही. पण ते मी नकलेत कधी घेतलंच नव्हतं. त्याला कुणी हसत नव्हतं ना.

मी म्हणालो, "लावा. ऑल राइट."

चारच्या सुमारास काका घरी आले. मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच घरचा चहा पीत होतो, तोवर परत फोन. उचलला काकांनी. आत्याचा आवाज मला कॉटवर ऐकू येत होता. "गार्डसाहेब, मनी थरथरतीया! तोंडातनं फ्यास गळतोय! तुमी सांगितलं म्हनून त्ये म्हशीचं औषध लावलं मी!"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी पॅसेंजरकडं बघितलं. पॅसेंजर उठून निघून गेली.

"व्हय, मीच सांगितलं," काका म्हणाले. "माझं चुकलं. आता नीट ऐका. कोमट पाण्यानं, अंगाच्या साबणानं औषध सगळं धुऊन काढा. कोरड्या टॉवेलात गुंडाळा, चाटू देऊ नका. मांजर चाटून चाटून औषध पोटात घेतं. म्हशीला चालतं ते मांजराला विष. तोंडात दूध, तेल काही घालू नका. तशीच जनावरांच्या दवाखान्यात न्या, औषधाची बाटली पण न्या. म्हणून दाखवा." आत्यानं रडत रडत म्हणून दाखवलं. काकांनी फोन ठेवला.  मला म्हणाले, "उद्या सकाळी शिरूर. पहिल्या गाडीनं."

त्या संध्याकाळी मी एकही नक्कल केली नाही. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

सकाळी चौफुल्याला एसटी बदलून आम्ही पोचलो. काकांनी ड्युटीवरचा पांढरा कोट आणि कडक पांढरी पँट घातली होती. दार उघडं होतं. मनी टॉवेलात पडून होती, ओली मांजरं दिसतात तशी निम्मी झालेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, थरथर थांबली होती, पण तिनं अजून काही खाल्लं नव्हतं. काका तसेच जमिनीवर बसले आणि तिला मांडीवर घेतलं. फणी काढली नाही. नुसता हात ठेवला. बऱ्याच वेळानं मनीनं मान उचलली आणि त्या पांढऱ्या पँटीत नखं रुतवली. आत्यानं वाटीत दूध आणलं. मनीनं दोनदा जीभ लावली.

मनी वाचली, हे नक्की झाल्यावर आत्यानं पदर खोचला आणि काकांना झाडायला सुरुवात केली. काका उठून उभे राहिले आणि सगळं ऐकून घेतलं. मी दारात उभा होतो. आता सांगतील, मग सांगतील, असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "बरोबर हाय ताई."

परत येताना चौफुल्याच्या स्टँडवर दौंडच्या गाडीला वेळ होता. काका बाकावर बसले, मला समोर उभं केलं.

"आत्या काय म्हणाली?"

"रागावली."

"निरोप मिळाला की काय करतात?"

"परत म्हणून दाखवतात."

"मग दाखव. तिच्या आवाजात. मोठ्यानं."

भेळवाला बघत होता, दोन कंडक्टर बघत होते. मी कमरेवर हात ठेवला आणि सुरू केलं. "येवढा पांढरा डगला घालता, आन् मुक्या जिवाशी खेळता व्हय? ठावं नव्हतं तर न्हाई म्हनायचं! न्हाई म्हनायला काय तुमच्या रेल्वेचं डिझेल जळतं का? मी येकटी बाई, मला घरात बोलायला ती येक मनी..." भेळवाला आधी हसला, मग हसायचा थांबला. मी शेवटपर्यंत आलो. "जावा आता, आन् परत कुनाला औषध सांगू नका!"

"मधलं एक गाळलंस," काका म्हणाले. "पहिल्यापासनं."

मी पहिल्यापासनं सुरू केलं. डगला झाला, डिझेल झालं, मनी झाली. मग ते वाक्य आलं. आत्यानं ते माझ्याकडं बोट दाखवून म्हटलं होतं.

"ह्ये आमचं कार्टं बघा. टवाळ हाय, पर कुनाच्या जिवावर बेतंल असं कधी वागायचं न्हाई."

कमरेवरचा हात कधी खाली आला मला कळलं नाही. वाक्य माझ्याच आवाजात निघालं होतं, तेही फाटक्या.

काकांनी पँटीवर राहिलेला मनीचा एक केस उचलला, उजेडात धरून बघितला आणि सोडून दिला.

"आवाज काय जमला नाही तुला," ते म्हणाले. "पण चालंल."