बोरीवलीतली लाकडाची शेगडी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण यात चूक सगळी माझीच आहे.

चार वर्षं मी एका बर्फाच्या देशात शिकलो. तिथल्या घरमालकिणीकडे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी होती. बाहेर बर्फ पडत असायचा, आत केशरी उजेड भिंतीवर हलायचा, आणि तो बघता बघता आपण कोण, कुठले, याचाही विसर पडायचा. तेव्हाच ठरवलं, माणसानं घर करावं ते विस्तवाभोवती!

आता हे बोरीवलीच्या दोन खोल्यांत कसं जमायचं? पण डिसेंबर होता. पहाटे नॅशनल पार्ककडून गार वारा यायचा. मला तेवढा पुरला. दहिसरच्या पत्रेवाल्याकडून जुन्या पिंपाची शेगडी करून घेतली आणि धुराडं खिडकीतून बाहेर काढलं.

त्याच रविवारी मुलुंडहून सुलभाकडची माणसं आमचं घर बघायला येणार होती. बघण्याच्या कार्यक्रमात सुलभा मला मनापासून आवडली होती. तिला विस्तवाशेजारी बसवून चहा द्यावा, असं माझं स्वप्न. त्या स्वप्नात लाल सिलिंडर काही शोभेना. आईनं नऊ वर्षं नंबर लावून मिळवलेला तो गॅस, ती देवळात गेलेली बघून, मी चुलीसकट न्हाणीघरात नेला आणि वर जुनं लुगडं टाकलं.

आई परतली ती पाहुण्यांबरोबरच. मी लाकडं सारली. वारा उलटा फिरला आणि धूर घरात! सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भारावली.

तिची आई स्वयंपाकघरात डोकावून आली. "गॅस दिसत नाही कुठे?"

"गरजच काय त्याची?" मी म्हणालो.

"अहो, आहे ना गॅस!" आई घाईनं म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कुठे ठेवलास रे?"

"न्हाणीघरात."

सुलभा डोळे पुसत म्हणाली, "आमच्याकडे गॅस या दिवाळीत आला. धुराचं कौतुक मला नका सांगू."

दोन दिवसांनी निरोप आला: मुलगा बरा आहे, पण गॅसचं नक्की काय ते कळवा.

आईनं मला मुलुंडला पिटाळलं. लोक पत्रिका घेऊन जातात, मी गॅसचं कार्ड घेऊन गेलो! सुलभाच्या वडिलांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"हे तुमच्या आईंच्या नावावर आहे. तुमचं स्वतःचं काय?"

मी आठवून पाहिलं.

"शेगडी," म्हणालो. "लाकडाची."

दारामागे सुलभा फिसकन हसली.

लग्न त्या शेगडीमुळेच जमलं, असं मी अजून म्हणतो. सुलभा म्हणते, "मी होकार दिला तो सासूबाईंच्या गॅसला."