मेंढरांमागे दुसऱ्या गिअरमध्ये

बहात्तरच्या दुष्काळात मी आठवड्यातून तीनदा नगरहून कर्जतच्या रस्त्याला गाडी घेऊन जात असे. तिकडे खडी फोडण्याच्या कामावर बायका येत. त्यांच्या लहान मुलांसाठी आम्ही चौघीजणी पाळणाघर चालवत होतो. दूध पावडरचे डबे माझ्याच गाडीतून जात, कारण चौघींत गाडी चालवता येणारी मी एकटी.

त्याच उन्हाळ्यात गाडी आचके देऊ लागली. वेगात असली की काही तक्रार नसे. पण बैलगाडीमागे हळू व्हावे लागले आणि पुन्हा रेस दिली, की इंजिन खोकल्यासारखे करी, दोन-तीन हिसके देई आणि मगच पळे.

तुमच्या आजोबांचे निदान तयार होते. "तुझा पाय. क्लच सोडायची तुला घाई."

"अहो, इतकी वर्षं हाच पाय आहे माझा."

"मग आता बिघडला असेल."

मेकॅनिकने प्लग साफ केले, पॉइंट बसवले आणि आजोबांना गाडी चालवायला लावून स्वतः शेजारी बसून चक्कर मारली. मला कोणी बोलावले नाही. परत आल्यावर तो म्हणाला, "साहेब, गाडीत काय बी न्हाई. बाईसाहेबांचा पाय जरा जड पडतोय."

झाले. ड्रायव्हर ठेवायचा आणि तो मिळेपर्यंत गाडी घरीच उभी करायची, असे ठरले. ड्रायव्हर काही मिळेना. डबे ओसरीवर पडून राहिले आणि तिकडे मुले पातळ पेजेवर.

मी चिडून गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक काढले. प्लगचा दोष असता, तर गाडी वेगातही अडखळली असती. हिची अडचण फक्त हळू चालताना पाय दाबला की. त्या क्षणी जादा पेट्रोल सोडणारी एक बारीक पिचकारी कार्ब्युरेटरमध्ये असते. ती तुंबली असावी. मग आजोबांना आचके का बसत नव्हते? उत्तर सोपे होते, पण ते त्यांच्या बायकोलाच सुचणार. ते गाडी हळू करतच नसत. सतत हॉर्न वाजवत आणि अख्खा रस्ता बाजूला होई.

मी आजोबांना स्टिअरिंगवर, मेकॅनिकला शेजारी बसवले आणि स्वतः मागे बसले. शहराबाहेर पडताच मेंढरांचा कळप आडवा आला. आजोबांचा हात हॉर्नकडे गेला.

"हॉर्न नको. बुजतील बिचारी."

कळपामागून दुसऱ्या गिअरमध्ये चाललो. पुढे वाट मोकळी झाली, त्यांनी रेस दिली आणि गाडीने आम्हा तिघांना हिसडले.

"रस्ता खराब आहे," आजोबा म्हणाले.

"डांबरी आहे," मी म्हटले.

मेकॅनिक खो-खो हसला. "साहेब, आता तुमचा बी पाय जड झाला म्हनायचा!"

कार्ब्युरेटर उघडला, तर पिचकारीच्या तोंडाशी सुताचे तंतू. "हे सूत कुठनं आलं?" मेकॅनिकने विचारले. आजोबा आकाशाकडे बघू लागले. पंपावरच्या पेट्रोलवर त्यांचा विश्वास नव्हता. ते पंपावरून डब्यात पेट्रोल घरी आणत आणि टाकीत ओतताना नरसाळ्यात जुन्या धोतराचा फडका धरून गाळत. पाणी गाळायलाही नको म्हणून सासूबाईंनी टाकून दिलेला, पार विरलेला फडका!

चुकले, असे ते म्हणाले नाहीत. संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, "पेट्रोलमध्ये घाणच इतकी, गाळून गाळून फडकं झिजलं."

ड्रायव्हरचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मी डबे भरून निघाले. पाळणाघरात पोचले, तर मुलांनी गाडीभोवती गराडा घातला आणि एका बाईने विचारले, "बाई, इतकं दिस कुटं हुता?" तिला काय सांगणार? "गाडी दुरुस्तीला होती," म्हटले आणि चूल पेटवली.