सातव्या थांब्याचं नाव

सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत वाचाताई बसायच्या. खरं नाव हजेरीपटावर. बाकी साऱ्या इस्पितळाला त्या वाचाताईच. झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे त्यांचं काम. एक आरसा, चित्रांचा गठ्ठा आणि दांडगी चिकाटी, एवढ्यावर अठरा वर्षं काढली होती त्यांनी. लहानपणी त्यांच्याच तोंडाचा पट्टा असा चालायचा की आई कान धरून म्हणायची, "बाई गं, श्वास तरी घे मध्ये!"

त्यांच्याकडे कंडक्टरकाका आले. बत्तीस वर्षं एकाच मार्गावरच्या बसमध्ये उभं राहून निवृत्त झालेला माणूस. आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावर पेंगणारा प्रवासी दचकून उठायचा म्हणे. झटक्यानं उजवं अंग लुळं पडलं आणि शब्द गेले. समोरच्याचं सगळं कळायचं, पण स्वतःचं एक अक्षर सापडायचं नाही. त्यांची लेक कपडे शिवायची. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान न राहता ती त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन यायची.

"ताई, एक शिवी जरी घातली ना त्यांनी, तरी मला चालेल," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी खरंच शिवी घातली. चमचा हातातून पडला आणि तोंडातून अस्सल डेपोतली शिवी बाहेर पडली! दोघी पोट धरधरून हसल्या. लेकीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मग वाचाताईंनी टेबलावर बोटानं ठेका धरला आणि म्हणाल्या, "काका, सुटली गाडी! डेपो..."

"डेपो, बाजार, कोर्ट, इस्पितळ, पाण्याची टाकी, शाळा, छापखाना, नदीपूल..." अकराच्या अकरा थांबे एका दमात आले. अशा रुग्णांचं असं होतं. वर्षानुवर्षं घोकलेलं ओळीनं येतं, सुटं येत नाही. त्या ओळीतून एकेक शब्द मोकळा करायचा असतो. महिनाभरात 'पाण्याची टाकी'मधलं पाणी सुटलं. काकांनी स्वतःच्या तोंडानं प्यायला पाणी मागितलं.

सातवा थांबा मात्र आता छापखाना नव्हता. सहा वर्षांपूर्वी तिथं एक वर्तमानपत्र छापलं जायचं. एका दुपारी ते माणसांसकट जळालं. आग लागली, असं सरकारनं सांगितलं. लावली, असं जे म्हणाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. थांब्याला 'शांतता चौक' नाव पडलं आणि जुनं नाव मोठ्यानं घेणं हा गुन्हा झाला. त्याच वर्षी इस्पितळातल्या प्रत्येक खोलीत, रुग्णांच्या हितासाठी म्हणून, आवाज टिपणारी एक पांढरी डबी बसली. वाचाताईंना तिची इतकी सवय झाली होती, की त्या तिला विसरल्याच होत्या.

डब्यांनी टिपलेलं बोलणं तपासणाऱ्या, तळमजल्यावरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब तरुण, अदबशीर. बसायला खुर्ची दिली आणि यंत्र चालू केलं.

"आवाज ओळखता?"

"माझे रुग्ण आहेत."

"हा शब्द तुमच्या खोलीत सव्वीस वेळा उच्चारला गेलाय. आणि दर वेळी मागून तुमचा आवाज येतो, 'छान, पुन्हा म्हणा.'"

"साहेब, ते ठरवून म्हणत नाहीत. पाठ आहे त्यांना."

"मग नवं पाठ करून घ्या. महिना देतो. बोलता येत असेल तर बरोबर बोलता आलं पाहिजे. येतच नसेल, तर आमची काही तक्रार नाही."

त्यांनी जिवाचा आटापिटा केला. 'शाळा' आली की त्या हात वर करून थांबवायच्या आणि 'शांतता चौक' लिहिलेलं पान पुढं धरायच्या. काका अडखळायचे, लालबुंद व्हायचे, पुन्हा डेपोपासून सुरू करायचे आणि 'छापखाना' म्हणून शाबासकीसाठी तोंडाकडे बघायचे. थांबवून थांबवून ओळच विस्कटली. आता कोर्टाच्या पुढं गाडी जाईना.

"परवा दुकानात दोघं येऊन बसले होते, ताई," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "शिवायला काहीच नव्हतं त्यांच्याकडे."

महिना संपला त्या सकाळी वाचाताईंनी अहवालात लिहिलं : 'सुधारणेची शक्यता नाही. उपचार थांबवावेत.' अठरा वर्षांत एवढं धडधडीत खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. लेकीला त्यांनी जिन्यापाशी नेलं. तिथं डबी नव्हती. काका खुर्चीत शेजारीच होते.

"घरी बोलायला लागले की थांबवायचं. मागायच्या आधीच सगळं हातात द्यायचं. वापरला नाही की शब्द आटतो."

"ताई, तुम्हीच सांगताय हे?"

"मीच सांगतेय."

काकांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. मग डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरला. चला, शिकवा. वाचाताईंनी तो हात घट्ट दाबून धरला. "नको, काका."

सात महिन्यांनी लेक कागदपत्रं न्यायला आली. मधल्या काळात काकांना दुसरा झटका आला होता आणि त्यात ते गेले होते.

"त्रास काही झाला नाही आम्हाला. पुन्हा कुणी आलं नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा मागायचे नाहीत शेवटी. नुसते पेल्याकडे बघत बसायचे. शेवटी काही बोलले का, असं नर्सनं विचारलं. मी म्हटलं, त्यांना बोलता यायचं नाही."

त्यानंतर वाचाताईंचं कामात मन लागेना. रुग्ण पहिल्या शब्दाशी आला, ओठ हलू लागले, की पूर्वी त्यांना आनंदाचं भरतं यायचं. आता त्यांची नजर आधी पांढऱ्या डबीकडे जायची. हा काय बोलेल? गठ्ठ्यातली अर्धी चित्रं त्यांनी काढून टाकली. कप, चमचा, चप्पल तेवढी ठेवली. मग तीही पुढं करवेनात. त्यांनी कानाच्या विभागात बदली मागितली. तिथं रुग्णाच्या कानाला यंत्र लावायचं, बटण दाबायचं, आणि ऐकू आलं की त्यानं नुसता हात वर करायचा. अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नाही. खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.