रत्नपारखी काकांची मोजणी

रत्नपारखी काका दारावरची बेल कधीच वाजवत नसत. कडी तीनदा आपटत आणि उंबरा ओलांडायच्या आत विचारत, "घरात माणसं किती?" सांख्यिकी खात्यात जन्म गेला, निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही.

दुष्काळाचं साल होतं. तिकडं शहराबाहेर शेंद्र्याला कारखाने वाढत होते आणि आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मोबाइलवर टँकर नोंदवायचा, आगाऊ पैसे भरायचे आणि टँकर येतच नाही, अशा लबाड्या सुरू झाल्या होत्या. पोलिसांत तक्रारी मोजक्याच. काका उसळले. "तक्रारी मोजल्या म्हंजे चोऱ्या मोजल्या का? खरा आकडा घरात दडून बसतो. तो आपण काढू!"

वही घेऊन आम्ही गल्लीभर फिरलो. विचारायला काका, लिहायला मी. प्रश्नाआधी त्यांचा विनोद ठरलेला. "शिकली-सवरली माणसं, अन् बटण दाबून मोकळी! तुमच्याकडं नाय ना कोणी असलं येडं?" लोक खो खो हसत आणि "नाय, नाय" म्हणत. अख्ख्या गल्लीत एकच फसलेला सापडला.

"एकच? नामुमकिन!" काकांनी अरुंद तोंडाचं मडकं काढलं. मोबाइलवर कसाही फसलेल्यानं मूठ झाकून चिंचोका टाकायचा, न फसलेल्यानं मक्याचा दाणा. तालीम त्यांच्याच घरी झाली. काका, मालतीकाकू आणि मी.

काकांनी मडकं पालथं केलं. एक दाणा, दोन चिंचोके.

एक चिंचोका माझा होता. टँकरवाल्यानं मलाही गंडवलं होतं आणि वही लिहिताना मी ते दडवलं होतं. लाजत कबूल केलं. पण दुसरा?

काकू पदराशी चाळा करत सांगू लागल्या. बँकेतला माणूस म्हणून कुणीतरी फोनवर बोलला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे गेले. वर्षभर त्या "आता दुखत नाय" म्हणत होत्या आणि काका ते खरं मानत होते.

"मला नाय सांगायचं?" काकांनी विचारलं.

"कसं सांगू? रोज पेपर वाचून हसता की तुम्ही, येडी माणसं म्हणून."

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा निघाले. पहिल्याच दारात हात जोडून म्हणाले, "आमचं घर फसलंय हो. तुमचं?"

आदल्या फेरीत सगळ्यात मोठ्यानं हसलेले ते शेजारी दारातच रडायला लागले.